दुसरा रिमोट

व्हिडिओ गेमचा इतिहास म्हटलं की आपल्यातल्या बहुतेक जणी पान उलटतात. तो विषय मुलांचा, नाहीतर मुलांमुळे घरात होणाऱ्या कटकटीचा. पण मैत्रिणींनो, हा इतिहास आपल्याच घरातून गेलेला आहे. टीव्हीच्या मागच्या वायरीतून, ओसरीवरच्या चटईवरून, सुट्टीत जमलेल्या चुलत-मावस भावंडांच्या भांडणातून. तो कुणी आपल्याला विचारला नाही आणि आपणही सांगितला नाही, एवढंच. आता ते जुने खेळ नव्या चष्म्यातून परत येत आहेत. म्हणून त्यात आपली जागा कुठे होती, हे एकदा नीट पाहायला हवं.

हा नवा चष्मा म्हणजे ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’चा हेडसेट. डोळ्यांवर घट्ट बसणारा एक डबा. आत दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रं दिसतात, त्यामुळे समोर खोली उभी आहे असं वाटतं. मान वळवली की चित्रही वळतं, खाली पाहिलं की जमीन दिसते. कल्पना जुनीच आहे. 1968 मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा असा पडदा बनवला होता, आणि तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. 1995 मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ नावाचं यंत्र आणलं. त्यात सगळं जग फक्त लाल आणि काळं दिसायचं. लोकांची डोकी दुखू लागली आणि वर्षभरात ते गुंडाळावं लागलं. पुढे 2012 मध्ये ‘ऑक्युलस’ने लोकांकडून पैसे गोळा करून नवा हेडसेट करायला घेतला, 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि हा डबा सामान्य घरांपर्यंत पोचू लागला.

आता गंमत बघा. असं यंत्र हातात आलं तर माणसाने चंद्रावर जावं, समुद्राच्या तळाशी जावं. तशी सोय त्यात आहेच. पण बरीच माणसं जातात कुठे, तर 1985 किंवा 1990 सालच्या एका साध्या खोलीत! ‘इम्यूव्हीआर’ नावाचा एक प्रकल्प आहे. त्यात हेडसेट घातला की तुम्ही जुन्या काळातल्या मुलाच्या खोलीत उभे असता. भिंतीवर पोस्टर, कोपऱ्यात फुगीर काचेचा जुना टीव्ही, शेजारी कॅसेटींची रास. कॅसेट हाताने उचलायची, यंत्रात खुपसायची, आणि त्या खोट्या खोलीतल्या खोट्या टीव्हीवर जुना खेळ खेळायचा. म्हणजे खेळ तोच, नवीन आहे ती त्याच्या भोवतालची खोली. लोकांना खेळापेक्षा त्या खोलीची ओढ जास्त आहे.

या ओढीवर सगळ्यात हुशारीने काम कुणी केलं असेल तर ब्राझीलच्या एका बाईने. तिचं नाव आना रिबेइरो. तिने केलेला ‘पिक्सेल रिप्ड 1989’ हा खेळ 2018 मध्ये आला. हेडसेट घातला की आपण निकोला नावाची शाळकरी मुलगी होतो. वर्गात बाकावर बसलेलो असतो, हातात छोटं गेमचं यंत्र असतं, आणि समोर बाई शिकवत असतात. त्यांची पाठ वळली की खेळायचं, त्या बघायला लागल्या की लपवायचं. नळीतून कागदाचे बोळे फुंकून त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. पुढच्या ‘1995’ या भागात शाळेतल्या बाईंच्या जागी आई येते. तिच्यानंतर ‘1978’ हा भाग 2023 मध्ये आला, तो अटारी या जुन्या कंपनीबरोबर मिळून केलेला. मला यात आवडलं ते असं की रिबेइरोबाईंनी नुसता जुना खेळ परत दिला नाही. चोरून खेळण्यातली धडधड परत दिली. आठवण जपायची तर नेमकं काय जपायचं, हे तिला बरोबर कळलं.

आठवणीच्या या कळेला इंग्रजीत जो ‘नॉस्टॅल्जिया’ शब्द आहे तो 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बनवला. घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांना होणारा आजार म्हणून. म्हणजे मुळात ते दुखण्याचं नाव! आपल्या गोव्यात पोर्तुगीजांनी ‘सौदाद’ हा शब्द ठेवून दिला. त्यात दुखणंही आहे आणि त्या दुखण्याची गोडीही आहे. मराठीत आपण नुसतं ‘आठवण येते’ म्हणतो आणि पुढचं गिळून टाकतो.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक धागा सांगते. मारिओ, डाँकी काँग, डक हंट हे सगळे खेळ निन्टेंडोचे. ही कंपनी 1889 साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी काढली, ती व्हिडिओ गेमसाठी नव्हे. तेव्हा वीजसुद्धा धड नव्हती. ती होती पत्त्यांची कंपनी. ‘हानाफुदा’ नावाचे फुलांचे पत्ते, बारा महिन्यांची बारा फुलं, प्रत्येकाची चार पानं, एकूण 48. आणि जपानला अशा पत्त्यांची ओळख करून दिली कुणी? पोर्तुगीज खलाशांनी. 1543 मध्ये पोर्तुगीज पहिल्यांदा जपानला पोचले. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. पुढे जपानी राज्यकर्त्यांनी जुगार म्हणून एक पत्ता बंद केला की लोक चित्रं बदलून दुसरा काढायचे, असं होत होत शेवटी फुलं आली. जपानकडे जाणाऱ्या त्या जहाजांच्या वाटेवर मुख्य बंदर होतं आपलं गोवं. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानला गेला तोही इथूनच निघून.

आणि आमचं पेडणे? ते 1788 पर्यंत पोर्तुगीजांकडे नव्हतंच, सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. त्या सावंतवाडीत पत्त्यांची आपली वेगळी तऱ्हा होती, गंजिफा. गोल पत्ते, लाखेच्या रंगांचे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. विसाव्या शतकात ही कला बुडत चालली होती. राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले स्वतः ती शिकल्या, राजवाड्यात कारागीर बसवले, आणि 1970 नंतरच्या काळात गंजिफा पुन्हा उभी राहिली. लक्षात घ्या, एक मरता खेळ वाचवणारी पुन्हा बाईच.

सापशिडीचंही तसंच. आपल्या जैन परंपरेत ज्ञानबाजीचे पट होते, 84 घरांचे. महाराष्ट्रात मोक्षपट होता, त्याचं नातं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात. त्या पटावर साप म्हणजे नुसता साप नव्हता, क्रोध, मान, माया, लोभ यांच्यामुळे होणारी घसरण होती. 1892 च्या सुमारास हा खेळ इंग्लंडमध्ये छापून विकायला आला, आणि हळूहळू घरांची नावं गेली, फक्त आकडे उरले. खेळ टिकला, त्यामागचं सांगणं पुसलं गेलं. परक्या हातातून परत आलेल्या खेळाचं हे असंच होतं. म्हणून व्हिडिओ गेम नव्या चष्म्यातून परत येताना काय पुसलं जातंय, ते बघायला हवं.

आता आपल्या ओसरीवर येते. निन्टेंडोने 15 जुलै 1983 ला जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढलं. तेच पुढे अमेरिकेत ‘एनईएस’ नावाने गेलं. जगभरात त्याची सुमारे 6 कोटी 19 लाख यंत्रं खपली असा कंपनीचा हिशेब आहे. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात आलं ते या हिशेबात नाहीच. आपल्याकडे आल्या त्याच्या नकला, बहुतेक तैवानमध्ये बनलेल्या चिपांवर चालणाऱ्या. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ ही नावं ऐकली की चाळिशीतल्या भावांचे डोळे अजून चमकतात. कुणाच्या घरी ते आखातातून आलं, कुणाकडे बोटीवरच्या मामाने आणलं, कुणाच्या वडिलांनी म्हापशाच्या बाजारातून घेतलं. आमच्या पार्से गावातून म्हापशाला जायचं तर तेव्हा चोपड्याची फेरीबोट धरून शिवोलीला उतरायचं आणि पुढे बस. एवढं करून आणलेल्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘9999 इन वन’, आणि घरी येऊन बघावं तर दहा-बारा खेळ पुन्हा पुन्हा, नावं बदलून! ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं ती मुलं एप्रिल-मे महिन्यात काजूच्या बिया वेचून विकायची आणि ते पैसे घेऊन गेमच्या दुकानात जायची. त्या दुकानात मुली जात नसत. कुणी मनाई लिहून लावली नव्हती. लिहायची गरजच नव्हती.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र सगळ्या भारतभर होतं, आणि जगभरही होतं. खरं म्हणजे फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिचे धातूचे दात नीट टेकत, म्हणून ती चाले. उलट तोंडातल्या ओलीने ते दात गंजत. पण मुलांचा विश्वास फुंकरीवर. ‘काँट्रा’ खेळात तीस जीव मिळवायचे तर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 च्या एका खेळासाठी बनवला होता. इंटरनेट नव्हतं, मासिकं नव्हती, तरी तो क्योटो-ओसाकापासून पेडण्यापर्यंत तोंडातोंडी पोचला. आपल्या ओव्या जशा पोचायच्या, तसाच.

‘डक हंट’मध्ये प्लास्टिकच्या बंदुकीने बदकं पाडायची. दिवसा मुंगीला जपून पाऊल टाकणारी मुलं संध्याकाळी बदकांवर नेम धरत. आमच्या आजीने एकदा विचारलं, “अरे, हे रे काय? जीव नाही म्हणून काय झालं, मारायचं तर मनात येतंय ना?” मुलं हसली. पण आजीचा प्रश्न हजार वर्षं जुना आहे. सोमदेवसूरींनी 959 मध्ये ‘यशस्तिलक’ लिहिलं, त्यात यशोधर राजाची कथा आहे. खरा बळी द्यायला तो तयार होत नाही, पण आईच्या आग्रहापुढे वाकून पिठाचा कोंबडा बळी देतो. कोंबडा पिठाचा होता, संकल्प मात्र खरा होता, आणि त्यासाठी मायलेकरांना जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भोगावं लागलं. मी काही व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांना पापी म्हणत नाही. पण चित्रातली हिंसा ही हिंसा का, हा वाद आज जगभर मोठमोठे लोक घालतात, तो आपल्या घरात आजीने चटईवर बसून घातला होता. त्याची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

त्या बंदुकीचं तंत्रही ऐकण्यासारखं आहे. बंदुकीतून काही सुटत नसे. उलट ती बघत असे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे फक्त जुन्या फुगीर टीव्हीवर जमे. आजच्या सपाट टीव्हीला चित्र उमटवायला जो निमिषभराचा उशीर लागतो, त्यात ही सगळी जुळणी बिघडते. म्हणजे यंत्र जपून ठेवलं, कॅसेट ठेवली, बंदूक ठेवली, तरी टीव्ही भंगारात गेला की खेळ मेला. जुने खेळ आपल्या भोवतालासकट जगतात. म्हणूनच लोकांना खेळाबरोबर अख्खी खोली उभी करावीशी वाटते, ते उगीच नाही.

आता त्या दुसऱ्या रिमोटकडे येते. आपण कंट्रोलर म्हणत नव्हतो, रिमोटच म्हणायचो. मूळ फॅमिकॉमला दोन रिमोट होते. पहिल्यावर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हतीच! त्याच्या बदल्यात एक छोटा माईक दिलेला. म्हणजे ज्याच्या हातात दुसरा रिमोट, त्याला खेळ सुरू करता यायचा नाही, थांबवता यायचा नाही, कुठला खेळ ते निवडता यायचं नाही. फार तर ओरडता यायचं. आणि ‘सुपर मारिओ’त दोघं खेळायला बसलं तर पहिला मेला की मगच दुसऱ्याची पाळी. माझ्या वयाच्या कितीजणींना विचारलं, “तुझ्या हातात कुठला असायचा?” सगळ्यांचं उत्तर एक. दुसरा. पहिला भावाचा. भाऊ चांगला खेळणारा असला तर पाळी येईपर्यंत आईची हाक यायची, “चल गो, ताटं घे.”

पण यावरून हे जग बायकांचं नव्हतंच असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. 1980 मध्ये आलेला ‘पॅकमॅन’ हा खेळ तोरू इवातानी यांनी मुद्दाम मुलींना आवडावा म्हणून खाण्याच्या कल्पनेवर बेतला. त्याच वर्षी अमेरिकेत रोबर्टा विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाऊस’ केला. घरच्या कॉम्प्युटरवर गोष्टीबरोबर चित्रं दाखवणाऱ्या पहिल्या खेळांपैकी तो एक. 1982 चा ‘रिव्हर रेड’ कॅरोल शॉ यांचा. ‘स्ट्रीट फायटर टू’चं जे संगीत दुकानातून रस्त्यावर ऐकू यायचं, त्यातलं बरंचसं योको शिमोमुरा या बाईंनी रचलं. ज्या दुकानात आपण पाऊल ठेवत नव्हतो, त्या दुकानाच्या आतून बाईचंच संगीत वाजत होतं.

मग आजच्या नव्या चष्म्यातून जी खोली दिसते ती कुणाची? बहुतेक वेळा ती अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या मुलाची. त्याची एकट्याची खोली, एकट्याचा टीव्ही, दार बंद. आपल्यापैकी कितीजणींच्या लहानपणी अशी खोली होती? आपला टीव्ही सगळ्यांचा. बातम्या संपल्याशिवाय तो मिळत नसे. चवथीला मुंबईहून काका-काकू आले की खेळायला दोन आणि बघायला दहा, आणि त्या दहांच्या सूचना. त्याच सुमाराला आमचं दशलक्षण पर्व सुरू व्हायचं, मग त्या दहा दिवसांत यंत्र कपाटावर. वीज गेली की तिसऱ्या पातळीपर्यंत पोचलेला खेळ पहिल्यापासून. हे सगळं त्या खोट्या खोलीत नाही. ते करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी आपापलं बालपण उभं केलं. आपलं बालपण दुसरं कुणी येऊन उभं करून देणार नाही.

आणि वेळही थोडा आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये अभ्यास केला. तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत, असं दिसलं. हे ज्यांच्याकडे कंपन्या, कागदपत्रं, संग्रहालयं आहेत त्यांचं. आपल्याकडच्या नकली यंत्रांचा तर वाली कुणीच नाही. मूळ कंपनीच्या लेखी ती चोरी, विकणाऱ्याच्या लेखी जुना माल, आणि घरच्यांच्या लेखी माळ्यावरची अडगळ. डिचोली तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. शतकं गेली तरी ते दगड उभे आहेत म्हणून इथे एकेकाळी आपली वस्ती होती असं सांगता येतं. प्लास्टिकच्या डब्याला ते भाग्य नाही. काही कॅसेटींत खेळ जपून ठेवायला बटणासारखी बॅटरी असते, ती संपली की त्यातली नोंद पुसते.

अपरिग्रह मानणाऱ्या आपण. माळ्यावर पसारा साठवा असं मी सांगणार नाही. वस्तू सोडायला हरकत नाही, पण तिची हकिकत सोडून देऊ नये. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा खाली आला तर भंगारवाल्याला देण्याआधी एक वही घ्या. यंत्राचं नाव काय, कोणत्या साली आलं, कुणी कुठून आणलं, कितीला घेतलं, कोणते खेळ होते ते लिहा. सासूबाईंना विचारा, त्या काय म्हणायच्या. भावाला विचारा, ‘काँट्रा’चा मंत्र त्याला कुणी शिकवला. आणि सगळ्यात शेवटी स्वतःला विचारा, पाळी येईपर्यंत आपण मागे बसून काय बघत होतो. कारण जो खेळतो त्याला फक्त पडदा दिसतो. अख्खी ओसरी दिसते ती मागे बसलेलीला. उद्या एखाद्या मुलीला पेडण्यातलं 1995 सालचं घर त्या चष्म्यात उभं करावंसं वाटलं, तर टीव्ही कुठे होता, चटई कुठे होती, कोण कुठे बसलं होतं, हे तिला सांगू शकणारी आपल्याशिवाय दुसरी कोणी नाही.